पूर्वेकडे तोंड करून

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईचा स्वतःचाच फोटो पुन्हा पुन्हा काळा यावा, यात तसं हसण्यासारखं काही नाही. पण आमच्या लेआउटमधले, म्हणजे वसाहतीतले, लोक त्या वर्षी अख्खा मार्गशीर्ष त्यावर हसले. पौष लागायच्या आत मीही हसले, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही.

साल एक्क्याऐंशी. सासूबाई भिलाईला, माझ्या थोरल्या दिरांकडे, कायमच्या राहायला निघाल्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. श्रीधर, म्हणजे माझे यजमान, आणि मी दिवसभर नोकरीवर. आणि भिलाईच्या जाऊबाई पूर्ण वेळ घरात. हिशेब सरळ होता. मला तो मुळीच आवडला नव्हता, पण सरळ हिशेबापुढे मला बोलता येत नाही. पौषात नव्या घरी जायचं नसतं, म्हणून मार्गशीर्ष संपायच्या आत निघायचं असं ठरलं.

एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "प्रेमिला, आपल्या दोघींचा एकही फोटो नाही नं गं."

"असं कसं, आई? असेल की."

मी अल्बम काढले. नव्हता. ज्या फोटोंत त्या होत्या ते मी काढलेले होते, आणि ज्यांत मी होते ते काढले जात असताना त्या स्वयंपाकघरात होत्या. वीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि एका चौकटीत कधी आलो नाही.

"एक काढून घे," त्या म्हणाल्या. "तिकडे भिलाईला मोठीच्या घरी भिंतीवर माझं म्हणून काहीतरी पाहिजे. आणि डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर पहिल्यांदा काय पाहायचं, तेही मी ठरवून ठेवलं आहे."

मी निवडून झालेली मेथी पुन्हा निवडायला घेतली.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझं बी.एस्सी. अर्धं राहिलं होतं. "अर्धं काहून ठेवायचं?" एवढं एकच त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. पुढे एम.एस्सी.च्या वर्षी प्रॅक्टिकलच्या मधल्या सुटीत त्या माझ्या तान्ह्या मुलीला घेऊन कॉलेजच्या फाटकाशी उभ्या राहत. मी धावत यायची, तिला पाजायची आणि धावत परत जायची. त्या धावाधावीबद्दल आमच्या घरात पुढे कोणी कधी काही बोललं नाही. अशा बाईंनी एक फोटो मागितला, तर तो देणं मला अवघड जायला नको होतं.

श्रीधरनी सोपा उपाय काढला: बर्डीवरच्या बाजारातल्या एका स्टुडिओत जायचं. गेलो. मागे निळा तलाव आणि दोन हंस रंगवलेला पडदा होता. स्टुडिओवाल्यांनी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, मला शेजारी उभं केलं, दिवे लावले. तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "भाऊ, माझं तोंड कोणीकडे आहे?"

"कॅमेऱ्याकडे, आजी."

"तसं नाही. दिशा कोणती?"

हा प्रश्न त्यांना बहुधा पहिल्यांदाच विचारला जात होता. ते बाहेर गेले, रस्ता पाहिला, ऊन पाहिलं, हवेत हातानं दोन वळणं घेतली आणि आत येऊन प्रामाणिकपणे म्हणाले, "दक्षिण."

सासूबाई उठल्या. "दक्षिणेकडे तोंड करून बसवता, तर मग हारही घालूनच घ्या नं."

खुर्ची फिरवता येईल, पण मग हंस फिरवता येणार नाहीत आणि मागे विजेचा मीटर येईल, असं स्टुडिओवाल्यांनी सांगितलं. आम्ही घरी आलो.

घरी एक कॅमेरा होता. माझ्या धाकट्या भावानं कुवेतहून आणलेला हा कॅमेरा बऱ्याच दिवसांपासून कपाटात पडून होता. तो समोरचा उजेड स्वतः मोजतो आणि आतला पडदा किती वेळ उघडा ठेवायचा ते स्वतः ठरवतो, अशी त्याची कीर्ती होती. ज्या कामासाठी मी पगार घेते ते एक डबी करते, हे मला थोडं लागलं होतं. शिवाय त्याला एक घोडा होता. तो ओढून बटण दाबलं की कॅमेरा थोडा वेळ कुरकुरत बसतो आणि मग फोटो काढतो; तेवढ्यात काढणाऱ्यानं पळत जाऊन स्वतः फोटोत उभं राहायचं. म्हणजे मी आणि सासूबाई एका चौकटीत येण्याची सोय जपानातल्या कोणीतरी आधीच करून ठेवली होती.

खोका उघडायला शेजारचे मधुकरराव हजर होते. मधुकरराव रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे पूर्वी एक बॉक्स कॅमेरा होता आणि त्या जोरावर ते आमच्या लेआउटचे छायाचित्रण-प्रमुख होते. खोक्यातून कॅमेरा निघाला, पट्टा निघाला आणि एक काळी रबरी टोपी निघाली. चौकोनी, बोटाच्या पेराएवढी.

"हे कशाचं?" मी विचारलं.

मधुकररावांनी ती चष्मा वर करून पाहिली, नखानं टोकरली, वास घेतला. "हा फालतू पार्ट आहे, वहिनी. फॉरेनच्या कंपन्या एखादा जास्तीचा देतातच. एकदम फेकून द्या."

आमच्या घरात सासूबाईंच्या देखत काही फेकलं जात नाही. त्यांनी टोपी उचलली आणि व्हरांड्यातल्या खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवली. ही सासऱ्यांची जुनी लाकडी खुर्ची. त्यांच्यामागे सासूबाईच तिच्यावर बसत. खुर्ची डुगडुगायची आणि तिच्याबरोबर डुगडुगत त्यांची जपमाळ चालायची. टोपी घातली आणि खुर्ची ठाम उभी राहिली. सासूबाई बसून पाहत म्हणाल्या, "कुवेतचं आहे, पण कामाचं आहे." तेव्हापासून खुर्ची जिथे जाईल तिथे टोपीही जाऊ लागली.

आता फोटो कुठे आणि कसा काढायचा ते ठरलं. सासूबाईंचं म्हणणं, शुभ कामाला पूर्वेकडे तोंड करून बसायचं, तेही सकाळी. मधुकररावांचं म्हणणं, फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी सूर्य पाहिजे, हा पहिला नियम. म्हणजे आम्ही अंगणात पूर्वेकडे तोंड करून आणि कॅमेरा सूर्याकडे पाठ करून. धर्म आणि छायाचित्रण यांचं इतकं एकमत झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या एकमतामुळेच पुढचं सगळं झालं, हे कळायला महिना गेला.

कॅमेरा ठेवायला तिपाई हवी होती. श्रीधरच्या सरकारी ऑफिसात जमीन मोजायच्या दुर्बिणीच्या तिपाया होत्या. त्यांनी तोंडी विचारलं. तिपाई ऑफिसाबाहेर जाऊ शकते, पण सरकारी माल एकटा जाऊ शकत नाही, असा नियम निघाला. म्हणून तिपाईबरोबर लहानू चपराशी आला. खाकी कोट, पायांत सायकलच्या टायरच्या चपला. त्यानं तिपाई अंगणात उभी केली आणि तिच्या शेजारी स्वतः तसाच उभा राहिला.

"लहानू, बसा नं," मी म्हटलं.

"नाई बाई. तिपाई उभी हाय."

दुर्बिणीचा स्क्रू जाड आणि कॅमेऱ्याचं भोक बारीक, म्हणून कॅमेरा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधला. श्रीधर सासूबाईंच्या गाडीची तिकिटं काढायला गेले होते, म्हणून मला सुचलं की बटण लहानूनंच दाबलं तर पळापळ वाचेल. त्यानं दोन्ही हात मागे घेतले. "माही डिवटी तिपाईची हाय बाई, क्यामेऱ्याची नाई. काई झालं त सायब मले इचारतीन."

तेव्हा मीच घोडा ओढला, बटण दाबलं आणि पदर खोचून पळाले. कॅमेरा कुरकुरला, खटकला. सासूबाई म्हणाल्या, "झालं? बरं आहे, दुखत नाही."

पण रीळ अख्खं संपल्याशिवाय धुवायला देता येत नाही. उरलेलं संपवायला म्हणून मी मधुकररावांचा त्यांच्या नव्या स्कूटरबरोबर फोटो काढला. स्कूटरचा वेगळा काढला. मागच्या गल्लीतल्या कांताबाईंचा त्यांच्या म्हशीबरोबर काढला. मग म्हशीचा वेगळा मागण्यात आला. लहानूनं तिपाई सोडायची नाही म्हणून तिपाईसकट काढून घेतला. त्यासाठी कॅमेरा खाली उतरवून मी हातात धरला.

फोटो आले. स्कूटर आरशासारखी आली होती. म्हशीच्या पापण्या मोजता येत होत्या. लहानूच्या कोटाचं तुटलेलं बटणसुद्धा आलं होतं. आणि आमच्या दोघींच्या जागी एक काळा चौकोन होता, त्यात नीट पाहिलं तर खुर्चीची पाठ असावी असा संशय येत होता.

सासूबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "छान आला आहे," त्या म्हणाल्या.

मी बर्डीवर जाऊन निगेटिव्ह उजेडात धरून पाहिली. आमच्या दोघींपुरती ती काचेसारखी स्वच्छ होती. म्हणजे फिल्मवर प्रकाश पोचलाच नव्हता. हा निष्कर्ष बरोबर होता आणि मी तो मधुकररावांना सांगितला, ही चूक झाली.

"उजेड कमी पडला!" मधुकरराव म्हणाले. "मी पाहूनच ओळखलं होतं. वहिनी, तुमच्या त्या बोगनवेलीची सावली येते."

बोगनवेल पूर्वेच्या कुंपणावर होती. तिची सावली कॅमेऱ्यावर पडत होती, आमच्यावर नाही. मी हे बोलेपर्यंत मधुकररावांनी कोयता आणला होता. त्या रविवारी बोगनवेल गेली आणि सूर्य थेट अंगणात आला. मी घोडा ओढला, पळाले, उभी राहिले. कांताबाईंचे नातेवाईक त्यांच्या गावाहून, खाप्याहून, आले होते, त्यांनी उरलेलं रीळ संपवलं.

या खेपेला खाप्याची मंडळी झळाळत होती. आमच्या फोटोत खुर्चीचा संशयसुद्धा राहिला नव्हता.

जितका उजेड जास्त, तितका फोटो काळा. हे विधान मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये केलं असतं तर माझी रजा मंजूर झाली असती. माझा तर्क घोड्यावर गेला: हातात धरून काढलेले सगळे चांगले, घोड्यानं काढलेले सगळे काळे, म्हणजे घोडा बिघडला आहे. पडताळून पाहायला मधुकररावांना बटण दाबायला बोलावलं. ते नवा शर्ट घालून आले. तिपाईवरच्या कॅमेऱ्यातून त्यांनी आम्हाला नीट पाहून घेतलं, मग बाजूला सरकून उभे राहिले आणि एक हात उंच केला.

"डोळा लावून बघा नं, मधुकरराव," श्रीधर म्हणाले.

"खरा फोटोग्राफर माणसाकडे पाहतो, डब्याकडे नाही," मधुकरराव म्हणाले आणि त्यांनी कॅमेऱ्याकडे न बघता बटण दाबलं.

तोही काळा आला. घोडा निर्दोष सुटला आणि आरोपी म्हणून फक्त मी उरले.

लेआउटमध्ये हे सगळ्यांना एकदमच उमगलं. कांताबाई दूध घालायला आल्या आणि त्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "काहून वं प्रेमिलाबाई, तुमी फोटोत गेल्या का फोटो काया होते. म्हातारीचा एकटीचा काढा, पाहा कसा फटफटीत येते."

"त्याला काहीतरी कारण असणार, कांताबाई."

"हाय नं. कोनाची तरी नजर हाय. नाई त मंग," त्या जरा थांबल्या, "रंगाचं असन."

मी सावळी आहे. पण रंग हा शेजारच्या माणसाला, खुर्चीला आणि मागच्या भिंतीला लागणारा गुण नाही, एवढं मी त्यांना शांतपणे सांगितलं. कांताबाई म्हणाल्या, "मंग नजरच हाय," आणि दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरची घेऊन आल्या. ती तिपाईला बांधू देईना लहानू.

"सरकारी मालाले लिंबू नाई लटकवता येत."

"सरकारले नजर नाई लागत का रे?"

"लागली त वरून आर्डर येईन," लहानू म्हणाला. शेवटी ती माझ्या मनगटाला बांधायचं ठरत होतं, तेव्हा मी तास असल्याचं सांगून कॉलेजात गेले. त्या दिवशी रविवार होता.

मधुकररावांनी अखेरचा तोडगा आणला. दोघींचे वेगवेगळे फोटो काढायचे, माझी आकृती कापायची, सासूबाईंच्या शेजारी चिकटवायची आणि त्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. "कोणाला कळणार नाही, वहिनी. फक्त मान थोडी जाड दिसेल."

श्रीधरना हे पटलं. निघायला दोनच दिवस उरले होते. सासूबाई माळ ओढत ऐकत होत्या.

"कापलेली सून मला नको," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, "राहू दे गं. नाही तर नाही. भिंत कोरी राहिली म्हणून काय होतं?"

त्या असं म्हणाल्या तेव्हा मला प्रथमच भीती वाटली. त्यांनी एखादी गोष्ट मागितली आणि मी ती दिली नाही, असं झालंच नव्हतं. मुख्य म्हणजे याआधी त्यांनी कधी काही मागितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे निघायच्या आदल्या दुपारी, मी त्यांच्या लुगड्यांच्या घड्या घालत होते आणि त्या मला कोणतं कुठे ठेवायचं ते सांगत होत्या. काळे फोटो तिथेच पडले होते.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं हे माझ्या डोळ्यांमुळे काळे दिसतात. म्हणून मी छान छान म्हणत होते. तुला काहून दुखवायचं?"

मी हसले. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "तेवढं मागचं दार लोट बरं. मागून ऊन आलं की चष्म्यात आतल्या बाजूनं चमकतं. समोर काय आहे ते दिसतच नाही, नुसतं पांढरं. मग डोळा आपोआप मिटतो."

मी दार लोटायला उठले आणि दाराशीच थांबले.

प्रकाश ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं उलटाही येऊ शकतो, हे मी दर वर्षी नव्या मुलींना शिकवते. फळ्यावर रेघ काढून तिच्या दोन्ही टोकांना बाण देते. ज्या लहानशा खिडकीला डोळा लावून मी कॅमेऱ्यातून बाहेर पाहत होते, तिच्यावरून मी डोळा काढून पळाले की त्याच खिडकीतून सूर्य आत पाहत होता. आणि उजेड मोजणारं यंत्र त्या खिडकीच्या आतच बसलेलं. मागचं ऊन त्याला समोरचं वाटलं. समोर भगभगीत उजेड आहे अशी समजूत करून घेऊन त्यानं पडदा जेमतेम उघडला आणि मिटला. सासूबाईंनी डोळा मिटावा तसा. मधुकरराव बाजूला उभे राहिले तेव्हाही हेच. आणि बोगनवेल बिचारी पहिल्या खेपेला त्या खिडकीवर थोडीफार सावली धरून होती, तिला आम्ही कापलं. कांताबाईंच्या म्हशीचा फोटो काढताना मात्र माझं डोकंच खिडकीचं झाकण झालं होतं.

"आई," मी म्हटलं, "माझ्यामुळे फोटो काळे येत नाहीत. मी तिथे नसते म्हणून येतात."

"ते मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. त्यांना नेमकं काय माहीत होतं ते मी विचारलं नाही. मला प्रयोग करायचा होता.

कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण घातलं. आता त्याच्यापुढे मिट्ट काळोख. पडदा चांगला वेळ उघडा राहायला हवा. मागची खिडकी उन्हाकडे करून बटण दाबलं. खटक्. लगेच मिटला. मग त्या खिडकीवर अंगठा दाबून धरला. खट्... मी श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला... टक्. आवाजावरूनच उत्तर ऐकू येत होतं. एका निरीक्षणावर मी विश्वास ठेवत नाही. पुन्हा केलं. अंगठ्याऐवजी तळहातानं केलं. श्रीधर आले, त्यांना दाखवलं. मधुकरराव आले, त्यांना दाखवलं. "खट्," मधुकरराव डोळे मिटून म्हणाले, "आणि टक्. वा! म्हणजे सूर्यच चोर."

मग श्रीधरनी हळूच विचारलं, "आत रीळ आहे नं?"

होतं. नवंकोरं होतं. माझ्या निरीक्षणांमध्ये ते संपत आलं होतं. कॅमेऱ्यावरच्या मोजणीच्या काट्यानं दाखवलं की एकच फोटो उरला आहे. दुकानं बंद होत आली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी होती.

सकाळी अंगणात जत्रा भरली. निरोपाला आलेले, फोटोला आलेले आणि लहानू. सासूबाई नवं हिरवं लुगडं नेसून पूर्वेकडे तोंड करून खुर्चीत बसल्या. मी रात्रीच काळ्या कागदाचा तुकडा कापून ठेवला होता. तो कणकेच्या लईनं खिडकीवर चिकटवला. घोड्याला हात लावते तोच कागद गळून पडला. कॅमेऱ्यावर दव होतं. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मधुकररावांनी आपली कानटोपी घालून पाहिली. ती पुढे येऊन भिंग झाकू लागली. स्वतःचा डोळा लावायला मात्र ते तयार होईनात; खरा फोटोग्राफर डब्याकडे पाहत नाही. कांताबाई म्हणाल्या, त्या आपला हात ठेवतील. पण त्यांचा हात उंचीला पुरेना, आणि तिपाई खाली करायची तर लहानूला ऑफिसात विचारून यावं लागलं असतं.

आणायला गेलेले श्रीधर ऑटो घेऊन फाटकाशी आले. "प्रेमिला, चला आता," श्रीधर म्हणाले.

मी त्या खिडकीकडे पाहत होते. चौकोनी काळी चौकट, दोन्ही बाजूंना बारीक खोबणी. हा आकार माझ्या ओळखीचा होता. गेला महिनाभर मी रोज सकाळी त्याच्या भोवतीनं झाडू फिरवत होते.

"आई, उठा जरा."

"आता काय?"

मी खुर्चीच्या आखूड पायाखालची रबरी टोपी काढली, फुंकली, पदरानं पुसली आणि खिडकीवर सरकवली. ती खोबणीत चपखल बसली. मधुकररावांनी चष्मा वर करून पाहिली, पण या खेपेला वास घेतला नाही. कांताबाई म्हणाल्या, "म्हंजे हे त्याचंच होतं काय वं? आन् तुमी त्याच्यावर म्हातारी बसोली?"

सासूबाई परत बसल्या. खुर्ची एका बाजूला झुकली. मी घोडा ओढला, बटण दाबलं आणि धावले. पूर्वी कॉलेजच्या फाटकाकडे धावायची, तशी मी त्यांच्याकडे धावत होते. मी शेजारी पोचले, खुर्ची पुन्हा डुगली आणि सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. कॅमेरा कुरकुरत होता. मग तो खटकला. मी टोपी काढायला गेले नाही, कारण हात सुटला नव्हता. ऑटोवाल्यानं भोंगा वाजवला, तेव्हा सुटला.

फोटो आला तेव्हा त्या भिलाईला पोचल्या होत्या. मी बर्डीच्या फुटपाथवर उभी राहून तो पाहिला. हिरव्या लुगड्याचा काठ, त्यांच्या चष्म्यातले दोन बारीक सूर्य, माझे विस्कटलेले केस, मागच्या भिंतीवर बोगनवेलीच्या मोकळ्या जागेतून आलेलं ऊन. सगळं होतं. आणि मध्ये आमचे हात. मधुकररावांनी त्यावर लेआउटभर भाषण केलं. लहानूनं एक प्रत मागून घेतली, कारण कोपऱ्यात तिपाईची सावली आली होती. कांताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "कसा हात धरला म्हातारीनं! पोटच्या पोरीचा धरावा तसा." मी प्रत्येकाला खरं कारण सांगत होते: टोपी काढल्यामुळे खुर्चीचा एक पाय आखूड झाला, तोल गेला, आधार घेतला. कोणी ऐकत नव्हतं. पण ही सगळी माणसं महिनाभर माझ्या एका फोटोसाठी आपल्या रविवारच्या सकाळी घेऊन आमच्या अंगणात उभी राहिली होती. त्यांना मी बोगनवेलसुद्धा माफ केली.

उन्हाळ्याच्या सुटीत भिलाईला गेले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. जाड काचांमागून सासूबाईंचे डोळे मोठे मोठे दिसत होते. फोटो त्यांच्या पलंगासमोर, पूर्वेच्या भिंतीवर. जाऊबाई चहा ठेवायला आत गेल्या.

"ऑपरेशन झाल्यावर पहिल्यांदा हाच पाहिला," सासूबाई म्हणाल्या. "तू काही एवढी काळी नाहीस."

मग आतल्या दाराकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "मोठी विचारत होती, हात काहून धरला म्हणून. मी सांगितलं, खुर्ची हलत होती. तिला वाईट वाटायला नको."

"पण आई, खुर्ची हलतच होती. मीही सगळ्यांना तेच सांगते."

"हलत होती नं," त्या म्हणाल्या. "पण मी काय त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसले होते का?"

हे निरीक्षण माझ्या नजरेतून सुटलं होतं.